माझ्या आवाजावर केस झाली

मंडळी, बुलढाण्याच्या कोर्टातून आत्ताच घरी आले आणि डोकं नुसतं ठणकतंय.

आमच्या देऊळघाटात नळाला पाणी नव्हतं. गल्लीतल्या बायांनी ग्रामपंचायतीसमोर मलाच पुढे केलं. शेजारची कमल म्हणाली, "वहिनी, तुमीच बोला, तुमचा आवाज मोठा हाये." बोलले. सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला म्हणून केस झाली, ती माझ्या एकटीवर!

मी शिवी दिली नाही, फक्त पाणी मागितलं, एवढंच आज कमलनं साक्षीत सांगायचं होतं. तर ही शपथेवर म्हणते, "मले काईच ऐकू आलं नाई, साहेब." अहो, माझ्या पदराला धरून उभी होती ही!

बाहेर येऊन विचारलं, "काऊन वं, असं काऊन केलं?"

"आमच्या यायले पंचायतीत नळ सोडाचं काम भेटून राह्यलं ना, वहिनी." म्हणजे नवऱ्याच्या नोकरीसाठी ही बहिरी झाली!

स्टँडवर पोचलो, तर आमची एसटी निघालेली. ही माझा हात ओढून म्हणते, "वहिनी, द्या ना आवाज, थांबवा गाडी!"

मी तोंड मिटून उभी राहिले. एसटी गेली.

आता ती गल्लीभर माझ्या नावानं बोटं मोडतेय. पण मंडळी, जिला माझा आवाज ऐकूच येत नाही, तिच्यासाठी मी ओरडू तरी कशाला?