कमरेएवढी माती

गुडघे वाकेनासे झाले, तेव्हा माझ्या सासूबाई आमच्याकडे पिरनवाडीला राहायला आल्या. तोपर्यंतचे सारे आयुष्य त्यांनी निपाणीजवळच्या आपल्या मळ्यात काढले होते. डॉक्टरांनी खाली बसून करायची सगळी कामे बंद केली, म्हणजे तणाची भांगलण गेली, भाजी खुडणे गेले, आणि मातीशी असलेला त्यांचा रोजचा संबंधच संपला. मळ्यातल्या घराला कुलूप घालून माझे यजमान त्यांना घेऊन आले, ते उन्हाळ्याचे दिवस होते. गाडीतून उतरण्यापूर्वीच त्यांनी आपली अट सांगून टाकली.

"चातुर्मास हितं करायचा. दिवाळी झाली की मला माझ्या घरात सोडायचं."

त्या घरात त्यांना आता एकटे राहता येणार नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. पण त्यांच्याशी वाद घालणे अवघड होते, कारण त्यांचे म्हणणे हट्टातून आलेले नव्हते, रीतीतून आलेले होते. आम्ही शेती करणारे जैन. पाणी फडक्याने गाळायचे आणि फडक्यावर जे सूक्ष्म जीव अडकले असतील, ते गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुऊन त्याच विहिरीत परत सोडायचे, हा आमच्याकडचा जुना नियम आहे. आमच्या परसातल्या विहिरीवरही सासूबाई तो रोज पाळू लागल्या. फडके उलटे धरून त्यावर पाणी ओतताना म्हणायच्या, "जिथला जीव तिथं." गावी परतण्याचा विषय निघाला की नेमके हेच शब्द त्या स्वतःविषयी वापरत.

मी पुष्कळ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. एखादा प्रश्न समोरून सुटत नसेल तर तो उलटा मांडून पाहावा, असे मी मुलांना सांगत असे. सासूबाईंना मातीपर्यंत वाकता येत नव्हते. मग मातीलाच त्यांच्या हातापर्यंत वर आणावे, असे माझ्या मनात आले. कुंपणाचे जांभ्याचे चिरे उरलेले होते. गवंड्याकडून त्या चिऱ्यांचे तीन उंच वाफे रचून घेतले. कडेला उंच स्टूल ठेवले की बसल्या जागी काम करता येईल, इतकी त्यांची उंची ठेवली. तळ मुद्दाम उघडा राखला, म्हणजे पावसाचे पाणी खाली निघून जाईल.

रिकामे वाफे बाहेरून लहान दिसतात. भरायला घेतले म्हणजे त्यांची खोली कळते. लाल माती म्हणून सांगितलेली पहिली ट्रॉली आली, ती कुठल्याशा इमारतीच्या पायातून काढलेल्या मुरमाची निघाली. सासूबाईंनी मूठभर उचलून बोटांतून सोडला.

"ही माती न्हवं गं. ह्यात घर उगवंल, भाजी न्हाय."

मुरूम वाटेवर पसरला आणि मी पुन्हा विचाराला बसले. तिन्ही वाफे चांगल्या मातीने काठोकाठ भरणे आमच्या निवृत्तिवेतनाला झेपणारे नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. पालेभाजीच्या मुळांना उत्तम माती हवी असते ती वरच्या वीत-दीड वीत थरात. त्याखालचे पोट कुजणाऱ्या गोष्टींनी भरले तरी चालते. मात्र क्रम पाळावा लागतो. सर्वांत खाली जाड, सावकाश कुजणारे: वठलेल्या आंब्याच्या फांद्या, नारळाची सोडणे. त्यावर मळ्याकडून गोण्यांतून आणलेले उसाचे पाचट. मग लष्करी कॅम्पातल्या रस्त्यांच्या कडेला झाडून ठेवलेला वाळका पाला, खानापूरकडच्या गिरणीतले भाताचे तूस, आणि दोन थरांच्या मधे शेजारच्या गवळ्याकडचे शेण. प्रत्येक थर ओला करायचा, तुडवायचा नाही. अगदी वर माती: थोडी परसातली लाल आणि थोडी निपाणीची काळी, जी आम्ही मळ्यावरच्या प्रत्येक खेपेला गाडीच्या डिकीतून आणत असू; आणि तिच्यावर पाल्याचे पातळ पांघरूण. मळा कसणाऱ्या चुलत दिराने तंबाखूच्या काड्या फुकट देऊ केल्या होत्या. निपाणीकडे त्यांना तोटा नाही. पण जी वस्तू किडे मारते ती आपल्या वाफ्यात नको, असे सासूबाईंनी फोनवरच सांगून टाकले.

एवढे झाले तरी माझ्या हिशेबात एक गोष्ट कमी होती. हे सारे लवकर कुजावे म्हणून त्यात गांडुळे हवीत, आणि ती नर्सरीत विकत मिळतात. दिवस मावळण्यापूर्वी आम्ही तिघे जेवायला बसलो असताना मी तो विषय काढला.

"गांडुळं इकत?" सासूबाईंनी विचारले. "कशी देत्यात?"

"वजनावर. ओल्या गोणपाटात बांधून."

"बटाट्यागत?"

जमिनीखालचा म्हणून आमच्या घरी बटाटा येत नाही. त्यामुळे त्या एका शब्दात त्यांचे सगळे मत आले.

"आत्याबाई, ती मातीतच सोडायची आहेत. मारायची नाहीत."

"सोडशील गं तू. पर त्येस्नी कुनी इचारलं का, पिरनवाडीला येता का म्हून?"

माझे यजमान हसले. "आई, तुला तरी कुठं इचारलं हुतं?"

"म्हून तर," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास शांतपणे घेतला.

गांडुळांचा विषय त्या जेवणानंतर मी कधी काढला नाही.

पहिला वाफा भरल्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका ओलसर सकाळी, मला त्यावरून बारीक वाफ उठताना दिसली. सासूबाई चिऱ्यांना टेकून उभ्या होत्या. त्यांनी पाला किंचित बाजूला सारून तळवा आत ठेवला, आणि लहान मुलाच्या कपाळावरून काढावा तसा अलगद मागे घेतला.

"ह्येला ताप आलाय."

मीही हात घातला. खरोखर ऊब होती. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तो पाला खात आहेत आणि त्यांच्या जगण्याचीच ही ऊब आहे, असे मी त्यांना सांगितले. ही माहिती मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! पण लिहिणे वेगळे, आणि रस्त्यावरचा झाडलेला पाला आपल्या तळव्याखाली अंगासारखा उबदार लागणे वेगळे. बराच वेळ मला हात काढावासा वाटेना.

"लई तापलं तर त्येच भाजतील का न्हाय?" सासूबाईंनी विचारले.

काही मरतात, त्या उष्णतेत जगणारे दुसरे येतात, असे मी सांगितले. उत्तर बरोबर होते. त्यांना ते आवडले नाही. म्हणून उरलेल्या दोन वाफ्यांत मी शेण हात राखून घातले, पाला आणि तूस वाढवले, आणि थर पातळ ठेवून सावकाश रचले. ते वाफे तापले नाहीत. अशा भरणीला वेळ अधिक लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

चातुर्मास सुरू झाला. सासूबाईंनी दरवर्षीप्रमाणे पालेभाज्या सोडल्या आणि मला बजावले की, आता वाफ्यात कुदळ-खुरपे चालवायचे नाही. मधूनमधून थर वरखाली करण्याचा माझा बेत होता. तो मी सोडला. पाऊस लागून राहिला. वाफे मात्र बसू लागले. काठोकाठ रचलेली भरण आधी वीतभर खाली गेली, मग आणखी. चिऱ्यांच्या आतल्या कडा उघड्या पडल्या.

"तुझी माती बसली की गं, बाई," सासूबाई खिडकीतून म्हणायच्या. "शाळंत पोरं बी अशीच बसवत हुतीस?"

भरण बसणार हे मला ठाऊक होते, इतके बसेल असे वाटले नव्हते. मी न खणता वरूनच पाला घालत राहिले, आणि उरलेली माती पेरणीच्या वेळेसाठी राखून ठेवली. वरून पाहावे तर ओला, काळवंडलेला कचराच दिसे. दसरा झाला आणि सासूबाईंनी आपली पिशवी भरायला घेतली. लुगडी, जपमाळ, आणि मेथीच्या बियांचा एक डबा, मळ्यातल्या परड्यात पेरण्यासाठी. ती पिशवी दिवाळीपर्यंत त्यांच्या खाटेखाली तयार होती. मी रोज त्या खोलीचा केर काढताना ती उचलून बाजूला ठेवत असे आणि पुन्हा होती तिथे सरकवत असे.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आणि निघण्याची सकाळ आली. यजमान गाडी पुसत होते. चहा झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जाताना बघून तर जाऊ, काय झालंय त्येचं."

मी सर्वांत जुन्या वाफ्याजवळ स्टूल ठेवले. त्या बसल्या. खुरपे त्यांनी घेतले नाही. वरचा पाला एकेक करून उचलला आणि बोटांनी हळूहळू उकरले. पाचट कुठेच नव्हते. तूस नव्हते. जो पाला मी गोण्या भरभरून ओतला होता, त्याची एखादी जाळीदार शीर तेवढी हाताला लागत होती. उरली होती ती काळपट, भुसभुशीत, मुठीत धरली तर गोळा होणारी आणि बोट लावताच सुटणारी माती. पावसानंतरच्या जंगलाला येतो तसा तिला वास होता. आम्ही ती केली नव्हती. आम्ही नुसते रचून बाजूला झालो होतो.

मग सासूबाईंचा हात थांबला. त्यांच्या बोटांच्या मधून एक लालसर गांडूळ वळत गेले. त्याच्यामागे दुसरे. त्यांनी जराशी माती बाजूला केली, तर तिथे किती होती, मोजण्याचे भानच राहिले नाही. ती कुठून आली असतील, याचा मी नंतर पुष्कळ विचार करून पाहिला. शेणातून अंडी आली असतील. निपाणीच्या मातीतून आली असतील. उघड्या तळातून, परसातल्या जमिनीतून वर चढली असतील. नक्की सांगता येत नाही. त्या वेळी तर मला एकही कारण सुचले नाही. आम्ही दोघी नुसत्या पाहत होतो.

"ह्येस्नी कुनी आनलं?" सासूबाईंनी अगदी हळू विचारले.

"कुणी नाही, आत्याबाई."

"आपसूक आली?"

"आपसूक."

त्यांनी ओंजळीने माती पुन्हा त्यांच्यावर लोटली आणि हात तसाच वर ठेवून दिला. एवढ्यात यजमान गाडीची किल्ली घेऊन आले.

"आई, निघूया न्हवं? ऊन व्हईल."

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या पिशवीत डबा हाय. त्येवढा आन."

मी आणला. आधी राखलेल्या मातीचा थर त्यांनी माझ्याकडून वर पसरून घेतला, तो स्वतः तळव्याने सारखा केला, आणि मेथीचे दाणे चिमटीतून असे सोडले की, गुडघे मोडण्याआधीचे त्यांचा सारा सवयीचा वेग त्या मनगटात परत आला. यजमान किल्ली हातात धरून उभेच होते.

"आई?"

"मेथी पेरून कोन गावाला जातंय रं?" त्या मान वर न करता म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "पाला घाल गं वर. पर पातळ घाल. खालच्यास्नी अंधार पायजे, वरच्यास्नी उजेड."

मी पाला चुरून पातळ पसरला, आणि वर पाणी शिंपडायला विहिरीकडे गेले.