देवाच्या पाटीतले तिकीट

ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नाही. ती गेली त्याला बराच काळ लोटला. तेव्हा न सांगण्याचे तेही कारण उरलेले नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. का, ते मला नेमके ठाऊक नाही — आणि ते फारसे महत्त्वाचेही नाही.

जव्हारला तहसील कचेरीत मी अव्वल कारकून होतो. एका आकड्यावर बक्षीस देणाऱ्या लॉटऱ्या नव्या कायद्याने बंद झाल्या, त्या सुमाराची ही हकिकत. स्टॉलांची तपासणी तहसीलदारांनी माझ्याकडे सोपवली. तिकिटावर राज्याचे नाव आहे का, सोडतीचे ठिकाण छापले आहे का, छापील तिकिटाआड कोणी चिठ्ठीवर आकडा घेतो का — हे पाहायचे. नियम मी पाठ केले होते. पाठ करणे मला जमत असे. माणसे जमत नसत.

तपासणीला सोबत रावजी असे. रावजी साखरशेतचा कोतवाल. नोटिसा पोचवणे, दवंडी देणे, साहेबांच्या मागे दप्तर धरून चालणे, ही त्याची कामे. उंच, किडकिडीत, चौथीपर्यंत शिकलेला. मला तो भाऊसाहेब म्हणे आणि माझ्यासमोर कधी बसत नसे. मीही त्याला कधी बस म्हटले नाही.

एस.टी. स्टँडसमोर बबनचा स्टॉल होता. बबनचा एक पाय पोलिओने गेलेला, तोंड मात्र धडधाकट. मी तिकिटे उलटीपालटी करून पाहिली, तेव्हा त्याने त्यातले एक माझ्यापुढे धरले.

“घ्या ना भाऊसाहेब. नुसतं बघून काय तपासणार? खेळून तपासा.”

“मी तपासणीला आलो आहे,” मी म्हणालो.

“म्हणूनच म्हणतो. साहेबाच्या हाताला यश असतं.”

मी तिकीट त्याच्या फळीवर परत ठेवले. असे करताना मला बरे वाटले, हे सांगितले पाहिजे. चार माणसे पाहत होती. मागून रावजी हलकेच म्हणाला, “भाऊसाहेब नाय घेत, त मला दे.” बबन हसला. “घे. तुला लागलं तर भाऊसाहेबच तुला सलाम ठोकतील बघ.”

रावजीने पैसे दिले आणि तिकीट टोपीच्या घडीत ठेवले. मी नापसंती दाखवली. तेवढेच.

पुढच्याच आठवड्यात बबनच्या फळीखाली आकड्यांच्या चिठ्ठ्या सापडल्या. मी अहवाल दिला, स्टॉलला सील लागले, आणि बबन नाशिकला बहिणीकडे निघून गेला. अहवाल खरा होता. त्याबद्दल मला काही कबूल करायचे नाही. पण तालुक्यात लॉटरीचे नियम जाणणारा आणि रावजीचे तिकीट ठाऊक असणारा माणूस त्यानंतर मी एकटाच उरलो — हे ध्यानात ठेवा.

श्रावणात सोडत झाली. रावजी वर्तमानपत्र आणि तिकीट घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. नंबर मी जुळवून पाहिला. दुसरे बक्षीस होते. मी पुन्हा पाहिला. मी नाकारलेले तिकीट — तेच.

त्या क्षणी मला काय वाटले? आनंद वाटला नाही. मी नीतीने वागलो आणि माझ्या नीतीचे फळ माझ्या मागे दप्तर धरून चालणाऱ्या माणसाला मिळाले, असे काहीसे वाटले. हे मी त्या वेळी स्वतःशीदेखील बोललो नाही. फक्त म्हणालो, “लागले आहे.”

रावजी भिंतीला टेकला. म्हणाला, “गिरणी होईल ना भाऊसाहेब? इंजीनवाली?” साखरशेतला गिरणी नव्हती. बायका भात आणि नागली डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी जात. गिरणी झाली तर ती त्याचा मुलगा काशिनाथ चालवणार होता. काशिनाथ आणि सून दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जात ते पावसाच्या तोंडावर परत येत. नातवंडे तिथेच विटांच्या धुळीत वाढत होती. रावजीला ते थांबवायचे होते. त्याला दुसरे काहीही नको होते.

मी म्हणालो, गिरणी होईल.

मग त्याने विचारले. त्यांच्या घरात नवे काही आले — भात असो, काकडी असो — की ते आधी देवापुढे जाते. नव्याची पूजा होईपर्यंत त्याला कोणी तोंड लावत नाही. देव थोरल्या घरी, म्हणजे खोडाळ्याला, त्याचा भाऊ सोनू याच्याकडे होते. सोनूचे म्हणणे पडले की एवढी मोठी गोष्ट आहे, तर तिकीट देवाच्या पाटीत, म्हणजे देव ठेवलेल्या टोपलीत, ठेवू. नवे झाले की काढू, आणि तोवर गावात बोलायचे नाही.

“कागूद हाय ना तो, भाऊसाहेब. देवाच्या पाटीत ठेवला त चालंल ना? नव्यापर्यंत?”

बक्षिसाची मागणी सोडतीपासून महिनाभरात करावी लागते. न केल्यास रक्कम सरकारजमा होते. तिकिटाच्या मागे ते बारीक अक्षरांत छापलेले असते. ते छापले आहे की नाही हे पाहणे हेच माझे काम होते. नवे व्हायला महिन्याहून अधिक अवकाश होता. शेतात भात अजून हिरवे होते — खिडकीतून दिसत होते.

मी म्हणालो, “सरकारी कागद आहे. त्याला काय होते?”

या वाक्यात खोटे काय आहे? मी पुष्कळदा शोधले. कागदाला खरेच काही झाले नाही. ओल लागली नाही, उंदराने कुरतडला नाही. वाक्य निर्दोष होते. मी ते निर्दोष रचले होते.

तुम्ही म्हणाल, एका क्षणाचा मत्सर होता. नव्हता. क्षण असता तर दुसऱ्या दिवशी मी सांगितले असते. रावजी महिनाभर कचेरीत येत होता. पाणी भरत होता, नोटिसा नेत होता. मुदत सरत आली तेव्हा तो माझ्या टेबलासमोर उभा राहून शाईचे डाग पुसत होता, आणि मी त्याच्याकडे पाहत होतो. खोडाळ्याची गाडी दुपारी होती. एक वाक्य पुरेसे होते. मी त्याला सांगितले की डाग अजून दिसतो आहे.

नवे झाल्यावर तो आला. अंगात धुतलेला सदरा, तिकिटावर शेंदराचा ठिपका. दोन्ही हातांनी त्याने ते माझ्यापुढे ठेवले. मी चष्मा लावला, तिकीट उलटे केले, जणू प्रथमच वाचतो आहे अशा सावकाशीने वाचले, आणि म्हणालो, “मुदत संपली आहे.” नियम त्याला समजावून सांगितला. उत्तम समजावला.

तो रडला नाही, भांडला नाही. तिकीट उचलून म्हणाला, “तुम्हांला बी आधी ठाव नव्हतं ना, भाऊसाहेब?”

मी म्हणालो, “नाही.”

तोवर सगळे मौन होते. हा मात्र एक शब्द होता, आणि तो मी उच्चारला.

पुढचे थोडक्यात सांगतो. मला ठाऊक नव्हते — तर मग दोष कोणाचा? सोनूचा. त्याच्या हट्टाने तिकीट पाटीत गेले. रावजीने भावाला काय म्हटले ते मी ऐकलेले नाही, पण त्यानंतर तो खोडाळ्याला गेला नाही. पुढच्या वर्षी नवे दोन घरांत वेगवेगळे झाले. त्या कुळात ते कधी घडले नव्हते म्हणतात.

सोनू एकदा कचेरीत आला होता. म्हातारा, कमरेत वाकलेला. बाजाराची पिशवी खाली ठेवून त्याने मला विचारले, “भाऊसाहेब, रावजी म्हणतो माझ्यानंच गेला. खरं काय ते तुम्ही सांगा. माझ्यानंच ना?” माझ्या समोरच्या टेबलावर दोन कारकून बसले होते. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होतो? — आणि ते नसते, तर सांगितले असते का?

मी म्हणालो, “नियमच तसा आहे.”

त्याने मान हलवली. त्याला उत्तर मिळाले होते. दोन वर्षांनी तो वारला. रावजी अंत्ययात्रेला गेला, पण खांदा द्यायला पुढे झाला नाही, असे मला कचेरीत कोणीतरी सांगितले.

त्या रकमेतला एक पैसाही मी घेतला नाही. ती सरकारजमा झाली. माझ्या नोकरीच्या नोंदीत ठपका नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या नियमनिष्ठेवर भाषण झाले. रावजीने मला नारळ दिला. मी तो दोन्ही हातांनी स्वीकारला.

काशिनाथ अजून भट्टीवर जातो. आता त्याची मुलेही जातात.

रावजी कधी बाजारात भेटतो. डोळ्यांनी त्याला कमी दिसते, पण माझा आवाज ओळखतो. पिशवी खाली ठेवून वाकून नमस्कार करतो. सोबत कोणी असेल तर त्याला सांगतो, हे आमचे भाऊसाहेब, यांनी मला कधी फसवला नाय.

मी नमस्कार घेतो आणि पुढे जातो.