हात न लावता पास

आमच्या सासूबाई इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझा चेहरा बघून विचारतो, "खरंच?" अहो, खरंच! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पाय खुर्चीच्या दांडीवर आणि शेजारी पावाच्या डब्याएवढा अँप्लिफायर. काय वाजवतात ते विचारू नका. पण वाजवतात.

गिटार मुळात माझ्या नवऱ्याची. कॉलेजात असताना हौसेने घेतली, थोडे दिवस टिणटिण केली आणि कपाटावर टाकली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यावर धुळीचा थर होता. आईंना मात्र कुठलीही वस्तू नुसती पडून राहिलेली बघवत नाही. एका सुट्टीला त्यांनी ती खाली काढली, पुसली आणि मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ लावून शिकायलाच बसल्या.

"अहो आई, बोटं दुखतील," मी म्हटलं.

"दुखू देत. एरवी त्यांची चौकशी कोण करतंय?"



आई कात्र्यांच्या कारखान्यात तपासनीस. शिंपी वापरतात त्या मोठ्या कात्र्या. एकेक कात्री हातात घ्यायची, स्क्रूजवळ दोन्ही पाती चिमटीत धरून हलवून बघायची, मग कानाजवळ नेऊन एकदा उघडमीट करायची. आवाज स्वच्छ आला की 'पास', खरखरला की 'परत'. आयुष्यभर हेच केल्यामुळे घरातही त्यांचे हे दोनच निकाल. माझी भाजी पास. मी घासलेला तवा परत. नवऱ्याने कौतुकाने आणलेली छत्री उघडली, मिटली, कानाजवळ नेली, परत. आणि वस्तू हातात घेतल्याशिवाय निकाल नाही, मग कुणी काहीही सांगो. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्या माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. मला तळवा ओलसर लागत होता. वाटलं, मीच घाबरले आहे. मी पास झाले होते हे नंतर कळलं.

गिटारचं शिक्षण बरं चाललं होतं, पण तारांनी वैताग आणला. नवी तार चढवली की पहिल्या दिवशी अशी खणखणीत वाजायची की आई ती एकदाच छेडायच्या आणि आवाज विरेपर्यंत मान वाकडी करून ऐकत राहायच्या. दोन-तीन दिवसांत तो आवाज बसायचा. मग बारीक तारा काळपट पडायच्या, बोटाला खरखरीत लागायच्या आणि एक दिवस ताडकन तुटायच्या. व्हिडिओतले लोक म्हणायचे, महिना-दोन महिने काही बघावं लागत नाही. इकडे आठवडा निघायची मारामार.

"कुठेतरी पाणी मुरतंय," आई म्हणाल्या आणि मला घेऊन दुकानात गेल्या.

वाद्यांच्या दुकानातला माणूस केस मागे बांधतो, म्हणून आमच्या घरात तो पोनीवाला. आईंनी जुन्या तारांचं भेंडोळं त्याच्यापुढे टाकलं. "म्हातारी बघून जुना माल गळ्यात मारतोस काय रे?"

"काकू, काय बोलताय! खोका तुमच्यासमोर फोडतो."

फोडला. माल ताजा होता. बिचारा भला माणूस, रागावला नाही. उलट आईंना स्टुलावर बसवून त्याने सगळं समजावलं. नेहमीच्या तारा पोलादाच्या, जाड्या तारांवर निकेलचा मुलामा दिलेलं वेटोळं. काहींवर ते वेटोळं निव्वळ निकेलचं, आवाजाला मऊ. काहींवर पातळसं आवरण असतं, त्या टिकतात भरपूर. आणि काही स्टेनलेस स्टीलच्या. त्यांना गंज सहसा शिवत नाही, पण लोकांना त्यांचा आवाज जरा टोकदार वाटतो आणि गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या त्यांनी लवकर झिजतात.

आईंचे डोळे चमकले. त्यांना धातूबद्दल कुणी काही सांगितलं की भूक लागत नाही. "वाजवून दाखव," त्या म्हणाल्या. पोनीवाल्याने भिंतीवरच्या गिटारी एकामागून एक काढल्या. निकेलची ऐकून आई म्हणाल्या, "हिला झोप आलीय." आवरणाची ऐकून म्हणाल्या, "ही तोंडाला रुमाल लावून बोलतेय. परत." स्टेनलेसच्या तारा दुकानात नव्हत्या, मागवाव्या लागणार होत्या. मग पुन्हा नेहमीचंच पाकीट घेऊन आम्ही घरी आलो, आणि ते पाकीटही आठवड्यात गेलं.

त्याच सुमारास कारखान्यात वेगळीच भानगड सुरू होती. विकलेल्या कात्र्या परत येऊ लागल्या होत्या. पिशवी उघडली की स्क्रूच्या आजूबाजूला तांबूस डाग. साहेबांनी एक कात्री आईंपुढे ठेवली आणि विचारलं, बाई, हे कशाने? आईंनी फिरवून बघितली. स्क्रूच्या सांदीत पाणी राहतं हे कुणालाही कळेल. "पुसणं कमी पडतंय," आई म्हणाल्या.

कात्र्या धुऊन पुसण्याचं काम मावशीकडे. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, आईंची मैत्रीण. दोघी एकत्र कामाला जायच्या, एका डब्यात जेवायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी मावशी आमच्या स्वयंपाकघरात बसून जगाची टिंगल करायची. नवऱ्याची कंबर गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं. तिने जीव तोडून पुसलं, फडकी बदलली, गरम हवेपुढे दुप्पट वेळ कात्र्या धरल्या. डाग येतच राहिले. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, महिनाअखेरीला तुझं काम बंद.

त्या संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली. आत आली नाही. "साहेबाला सांगायच्या आधी मला विचारायचं तरी होतंस," एवढंच बोलली आणि गेली.

"खोटं बोलू का मग?" आई बंद दाराकडे बघत म्हणाल्या. "परत ते परत." पण त्या दिवशी गिटार मांडीवर घेऊन त्या नुसत्याच बसून राहिल्या.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. स्वभावाने जरा चौकस आहे. नवरा भोचक म्हणतो, म्हणू दे. एक गिऱ्हाईक नवी धातूची फ्रेम घेऊन भांडायला आलं. नाकापाशी हिरवी पडली होती, कानामागे मुलामा उडाला होता. आमचे मालक शांतपणे म्हणाले, "फ्रेमचा दोष नाही हो. काही लोकांचा घामच असा असतो, धातू खातो." मी ते पूर्वी दहादा ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. ओलसर तळवा!

घरी आले ती चप्पल न काढता आईंपुढे उभी राहिले. "आई, हात दाखवा."

"भविष्य सांगतेस का?"

"भूतकाळ सांगते. बसा."

नव्या पाकिटातल्या दोन बारीक तारा काढल्या. एक मी बोटांत धरून खालपासून वरपर्यंत चोळली, एक आईंनी. दोन बशांत ठेवून खिडकीत मांडल्या. नवरा म्हणाला, "दोघी बऱ्या आहात ना?" आम्ही लक्ष दिलं नाही. आईंना तर इतकी उत्सुकता, की जेवताना दोनदा उठून बघून आल्या.

सकाळी माझी तार जशीच्या तशी चकचकीत होती. आईंच्या तारेवर तांबूस ठिपके, सगळ्या लांबीभर.

"सापडला चोर!" मी टाळ्या पिटल्या. "जा आता, पोनीवाल्याची माफी मागा."

मी हसत वळून बघितलं, तर आई हसत नव्हत्या. त्यांनी अंगठा आणि बोट चिमटीसारखं जुळवलं होतं आणि त्या चिमटीकडे टक लावून बघत होत्या.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "मी कात्री कुठे धरते?"

स्क्रूजवळ. तरी मी म्हटलं, "पण इतकी वर्षं तुम्हीच तपासताय. डाग आत्ताच कसे येतील?"

"आधी माझ्याकडून कात्री तेलात बुडायला जायची. शिंप्यांना कापडावर तेल लागलेलं नको, म्हणून आता तेल बंद केलंय. मी सोडली की कोरडीच पिशवीत जाते. माझा घाम आत बंद होतो." त्या खुर्चीत बसल्या. "ती बिचारी पुसून देत होती, आणि मी घाण करत होते."

मला त्यांची फार दया आली, आणि दया आली की मला युक्त्या सुचतात. "आई, असं करा. उद्यापासून गुपचूप हातमोजे घाला. डाग थांबतील. साहेब खूश, मावशीचं कामही राहील. कुणाला काही कळायचं कारण नाही."

आईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी घासलेला तवा बरा. "डाग थांबले की लोक काय म्हणतील? हिचं पुसणं सुधारलं म्हणतील. म्हणजे आधी तिचंच चुकत होतं, हे कायमचं तिच्या कपाळी. चालेल?"

त्या काही न खाताच कामाला गेल्या.

पुढचं मला मावशीने नंतर सांगितलं तसं सांगते. आईंनी मावशीला हात पुसायलाही न देता धुलाईतून साहेबांपुढे नेलं. मग तिला तिथे हात कोरडे करायला लावले आणि नुकत्या घासलेल्या दोन कात्र्या मागवल्या. एकीवर मावशीने अंगठा दाबला, दुसरीवर आईंनी. दोन्ही पिशव्यांत बंद करून साहेबांच्या खणात ठेवल्या. "बाई, काहीतरीच काय तुमचं!" साहेब म्हणाले. त्यांना आईंना दुखवायचं नव्हतं. पण आई म्हणाल्या, "ठेवा तर खरं."

दोन दिवसांनी खण उघडला. मावशीची कात्री स्वच्छ होती. दुसरीवर तांबूस रंगात आईंचा अंगठा उमटला होता, रेघा मोजता याव्यात असा. आईंनी ती उचलली नाही. बोटाने दाखवून म्हणाल्या, "परत. आणि हिचं पुसणं पहिल्यापासून पास."

साहेबांनी तिथल्या तिथे मावशीचं काम कायम केलं आणि आईंना हातमोजे दिले. आईंनी प्रामाणिकपणे घालून बघितले. पण मोज्यातून पात्यांचा सैलपणा बोटांना कळेना. एक ढिली कात्री त्यांच्या हातून पास झाली, ती त्यांनीच धावत जाऊन परत आणली. मग त्यांनी स्वतःच साहेबांना सांगितलं, तपासणीला हिला बसवा, हिचा हात कोरडा आहे. चिमटीत काय लागतं ते मी शिकवते. मला धुलाईला घाला, तिथे कोपरापर्यंत रबरी मोजे घालून काम असतं. साहेब नको नको म्हणत राहिले. आई टबापाशी जाऊन उभ्याही राहिल्या.

मावशी शिकली, पण बोलायची ती कामापुरतं. "हे सैल?" "सैल." "हे?" "ठीक." बस्स. डबे वेगळे, वाटा वेगळ्या. गिटार पुन्हा कपाटावर गेली. मला ती तिथे बघून रडू यायचं.

मग पोनीवाल्याचा फोन आला, स्टेनलेसच्या तारा आल्यात. मी कुणाला न विचारता घेऊन आले आणि माझ्या कोरड्या हातांनी त्या चढवल्या. आई दुरून म्हणाल्या, "उगाच कशाला?" पण तारा ताणायच्या खुंट्या फिरू लागल्या तशा जवळ येऊन बसल्या. एक तार छेडली. मान वाकडी झाली. नुकती धार लावलेली कात्री उघडमीट केल्यावर येतो तसा टवटवीत आवाज होता.

"बोटं सरकली की किंचाळतेय जरा," त्या म्हणाल्या. "पण बोलते खरं. बघू किती टिकते." आणि आठवडा गेला, दुसरा गेला, गंज नाही. फक्त वाजवून तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी आवाज थोडा मंदावायचा. आता तो का मंदावतो, यावर आमची दोघींची चर्चा चालायची. वेटोळ्यांत घाम आणि मळ बसत असणार, असं आमचं मत पडलं.

एका सुट्टीला बेल वाजली. दारात मावशी, हातात मऊ फडक्यांची गुंडाळी. सरळ आत आली, तिच्या नेहमीच्या जागी बसली.

"आधी तो दुकानदार, मग मी," ती आईंना म्हणाली. "स्वतःचा हात सोडून सगळ्या जगाचं चुकलं होतं. नाही का?"

"चुकलं माझं," आई म्हणाल्या. "तुला आधी विचारायला हवं होतं."

"हवंच होतं." मावशीने गिटारकडे बोट केलं. "वाजव बघू. काय ते एकदा ऐकू तरी दे."

आईंनी वाजवलं. अडखळत, पण शेवटपर्यंत वाजवलं.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "हे असं वाजवतेस? मग तारांनी जीव दिला त्यात नवल काय!"

मी खो खो हसले. आईही हसल्या, डोळे पुसत हसल्या. मावशीने गिटार स्वतःच्या मांडीवर ओढली, एक फडकं काढलं आणि तारा पुसायला घेतल्या. एकेक तार वरून, मग फडकं खालून सरकवून खालच्या बाजूने, मग दोन्ही टोकांच्या सांदीत, जिथे कुणी बघत नाही तिथेसुद्धा. आम्ही दोघी बघत राहिलो. झाल्यावर तिने गिटार आईंपुढे धरली.

"घे. नीट पुसलंय का बघ."

सवयीने आईंचा हात पुढे आला. तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, पाठीशी धरले.

"पास," त्या म्हणाल्या.

"हात न लावता?"

"हात न लावता."

मावशीने गिटार भिंतीला टेकवून ठेवली, फडक्याची घडी घातली आणि मला म्हणाली, "चहा टाक गं. साखर बेताची घाल."