पाहणाऱ्याचं नाव

बहरीनला, माहूज भागातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात पहिली काच लागली ती उन्हाळ्यात, ऐन दुपारी. मी कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, खुबूसच्या रोट्या घेऊन वर येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला एक जुना तडा होता. त्या तड्यावर कुणीतरी बोटाएवढी काचेची पट्टी आडवी बसवली होती. दोन्ही टोकांना प्लास्टरचा एकेक गोळा आणि गोळ्यावर पेन्सिलीने घातलेली तारीख. प्लास्टर अजून ओलं होतं. म्हणजे माणूस नुकताच गेला असणार. पण जिन्यात कुणीच नव्हतं आणि वर येताना मला कुणी भेटलंही नव्हतं.

संध्याकाळी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "रंगकाम आहे. ऑफिसातून सांगितलं."

माझे बाबा सर्व्हेअर. ज्या कंपनीसाठी ते सीफ भागात समुद्र भरून केलेल्या जमिनीची मोजमापं घ्यायचे, तिच्याच मालकाची ही इमारत. रंगकामाला काच लागत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्यांचं हे खोटं मला सहन होईना, कारण मी त्यांच्याच पत्रकांवर वाढले होते. नागपूरला आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा मजकूर लिहायचे, आई घड्या घालायची आणि मी त्या मोठ्या काळ्या मथळ्यांवर बोट फिरवत अक्षरं शिकले. वस्तीतल्या नळाचं काम कुणाला दिलं, किती दिवसांत व्हायचं होतं, का झालं नाही, हे सगळं बाबा छापून भिंतीला लावायचे. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांना कळलं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. बारावी करून मी बहरीनला आई-बाबांकडे आले, तेव्हा तोच माणूस दार लावल्याशिवाय बातम्यासुद्धा ऐकत नव्हता. त्या वर्षांत तिथे, कुणी ऐकेल या धास्तीने, सगळेच हळू बोलत.

काचा वाढत गेल्या. पहिल्या मजल्यावर, आमच्या तिसऱ्यावर, गच्चीच्या दाराशी. त्या लावताना कुणी दिसलं नाही. मग तळमजल्यावरची मालकाच्या नात्यातली कुटुंबं आठवड्याभरात निघून गेली. निरोप नाही, गडबड नाही. एका सकाळी त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे नव्हते, एवढंच.

त्यानंतर दारं उघडायला लागली. रिकाम्या घरांची दारं कुलूप न लावता नुसती ओढून घेतली होती. मी जाताना ती बंद असायची. परत यायची तेव्हा वीतभर उघडी. मी लोटून घ्यायची. तासाभराने पुन्हा उघडी, आणि सगळी एकाच अंगाला, जणू आत कुणीतरी एकाच वेळी उठून बाहेर पाहतंय. आमच्या मोरीतलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचायला लागलं. आई रोज ते झाडूने लोटायची.

दुपारी सगळी इमारत एसीच्या घरघरीत बुडालेली असायची. अशाच एका दुपारी मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. टक्. बांगडी पिचावी तसा. जिन्यात गेले तर दुसऱ्या मजल्यावरची काच मधोमध तुटली होती. दोन्ही तुकडे जागच्या जागीच होते. फक्त त्यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ आली होती.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, काच तुटली."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "कोणती?"

"दुसऱ्या मजल्यावरची."

"भिंत हलून राहिली," ते म्हणाले. "तडा वाढतो तो डोळ्याला दिसत नाही. काच लवत नाही ना, ती तुटते. तारखेवरून कळतं किती दिवसांत तुटली."

"मग सांगत काहून नाही कुणाला?"

"कोणाला सांगू? ज्याचं घर त्याचीच नोकरी. तू जेव."

समोरच्या घरात पुण्याचं एक जोडपं राहायचं. दादा बँकेत अकाउंटंट. वहिनींना सातवा महिना होता, आणि डॉक्टरांनी त्यांना पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. जिना तर नावच नको. मी रोज दुपारी त्यांच्याकडे बसायला जायची. त्या झोपून छताकडे पाहायच्या.

"अगं, रात्री ना, ह्या पलंगाचा एक पाय उचलल्यासारखा वाटतो," त्या एकदा म्हणाल्या. "हे म्हणतात, तुला भास होतात."

मी त्यांच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. एक पाय खरोखरच फरशीला टेकत नव्हता. माझी करंगळी आरामात खाली गेली.

मी दादांना सगळं सांगितलं. काच, दारं, पलंगाचा पाय. ते टाय सोडत ऐकत होते.

"हिला हलवायची म्हणजे जिवाशी खेळ आहे. तीन मजले उतरवायचे. तुझ्या काचेच्या तुकड्यावर विश्वास ठेवून?"

"बाबा म्हणतात भिंत हलतेय."

"मग बाबांनी मला येऊन सांगावं. नाहीतर सरकारी कागद दाखव." मग जरा हसून म्हणाले, "तुमच्याकडे सगळं छापून मिळतं ना? हेही आण छापून."

"अहो, काय बोलता!" वहिनी आतून ओरडल्या.

मला राग आला. पण कागद पाहिजे हे खरं होतं. सकाळी मी बसने बाब अल बहरीनला उतरले आणि विचारत विचारत पालिकेच्या एका कचेरीत पोचले. धोकादायक इमारतींचा विभाग वरच्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला होता. एसी इतका गार की दातावर दात वाजावेत. काउंटरमागे थोब म्हणतात त्या पांढऱ्या शुभ्र पायघोळ अंगरख्यातला एक कारकून एकटाच बसला होता. समोर एकही माणूस नव्हता. खुर्च्या नव्याच होत्या, त्यांच्यावरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं.

मी इमारतीचा नंबर सांगितला. तो छान हिंदी बोलायचा.

"फाइल है. खुली है. कोई भी देख सकता है, कायदा है."

मला इतका आनंद झाला! ज्या गोष्टीसाठी बाबांनी नागपुरात उंबरे झिजवले ती इथे न मागता मिळत होती. त्याने एक जाड रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"पहले इधर. नाम, सीपीआर नंबर, स्पॉन्सर."

सीपीआर म्हणजे तिथलं ओळखपत्र. मी पेन उचललं. माझा व्हिसा बाबांच्या नावावर. स्पॉन्सर म्हणजे बाबा. पान कोरं होतं. मागची पानंही कोरी होती. त्या विभागात कधी कुणी काही पाहायला आलंच नव्हतं.

"और ये रजिस्टर कौन देखता है?" मी विचारलं.

त्याला प्रश्नच कळला नाही बहुतेक. "ये भी खुला है," तो सौम्यपणे म्हणाला. "कोई भी देख सकता है. बिल्डिंग का मालिक भी."

त्याच्या बोलण्यात धमकी अजिबात नव्हती. म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला. सगळं उघडं होतं. फक्त ज्याने पाहिलं तो सगळ्यांत जास्त उघडा पडणार होता. मी पेन खाली ठेवलं.

"कल आओ, इंशाल्ला," तो म्हणाला.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. आई भडकली. "काहून गेली होतीस? उद्या यांना काढलं तर जायचं कुठं?" बाबा उठून समोर गेले, वहिनींची तब्येत विचारली आणि परत आले. मला वाटतं, त्यांनीही तो पलंगाचा पाय पाहिला.

"माझं नाव तू लिहायचं नाही," ते म्हणाले. "मी लिहीन."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते माझ्याबरोबर आले. त्यांनी आपलं नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि स्पॉन्सरच्या रकान्यात कंपनीचं नाव. स्वच्छ, मोठ्या अक्षरांत. आपल्या पत्रकाखाली लिहायचे तसंच. कारकुनाने फाइल उघडून अरबी मजकूर हिंदीत वाचून दाखवला. पाया खचतोय. राहायला योग्य नाही. घरं रिकामी करावीत.

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" बाबांनी हिंदीत विचारलं.

"बताया है." त्याने एक फोटो दाखवला. राखाडी पत्र्यावर चिकटवलेली नोटीस. "मालिक ने लगाया, फोटो दिया. कायदा पूरा."

आम्ही दोघं फोटोवर वाकलो. नोटिशीच्या बाजूला विजेचे मीटर दिसत होते. ती आमच्या मीटरच्या खोलीच्या दाराची आतली बाजू होती. त्या खोलीला बाहेरून कायम कुलूप असायचं. म्हणजे कितीतरी दिवस तो कागद अंधारात, मीटरांना वाचायला लावलेला होता.

"कॉपी?" बाबांनी विचारलं.

"कॉपी मफी, नहीं मिलेगी. मालिक की चिठ्ठी लाओ. देखना फ्री है."

दादांनी आमचं ऐकून घेतलं. "म्हणजे कागद नाहीच," ते म्हणाले. वहिनींनी तोंड भिंतीकडे केलं.

सकाळी मी दार उघडलं तर रंगाचा वास आला. जिना पांढराशुभ्र. काचा नव्हत्या, प्लास्टरचे गोळे नव्हते, तारखा नव्हत्या, तडेसुद्धा नव्हते. वरपासून खालपर्यंत सगळी भिंत गुळगुळीत, आणि जिन्यात रंगाऱ्याचं एक पाऊल उमटलेलं नाही, एक थेंब सांडलेला नाही. रात्रभरात कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. एवढंच म्हणाले, "रजिस्टर वाचलं त्यांनी."

दादा बँकेत जायला निघाले तेव्हा त्यांनीही पाहिलं. भिंतीला बोट लावलं आणि रंग लागलेल्या बोटाकडे बघत राहिले. मग बँकेत गेले. पण दुपारीच परत आले. मी जिन्यातच होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, ओल्या रंगातून, तडा पुन्हा वर आला होता. आम्ही दोघं बघत असताना तो रंगाची साय फाडत वीतभर पुढे सरकला. आवाज काहीच झाला नाही.

"खलास," दादा पुटपुटले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे बाबा किती वाजता येतात?"

ऊन उतरल्यावर वहिनींना खुर्चीत बसवून खाली आणलं. बाबा आणि बँकेतले दोघं खुर्चीला, दादा मागून. बाबा पुढे असून प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपत होते. वहिनींनी डोळे गच्च मिटले होते आणि माझा हात इतका दाबला होता की नखं रुतली. उघड्या दारांसमोरून जाताना कुणीच आत पाहिलं नाही. आम्हीही त्याच रात्री एका ओळखीच्यांकडे गेलो. उरलेल्यांना कंपनीने पुढच्या आठवड्यात दुसरीकडे नेलं. कारण सांगितलं, दुरुस्ती.

बाबांचं कॉन्ट्रॅक्ट त्या वेळी संपत आलं होतं. ते वाढवलं नाही. त्यांनी कारण लेखी मागितलं. कारण द्यायचा नियम नाही, असं तोंडी उत्तर आलं. ते रजिस्टरमुळे झालं की नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही.

निघण्याआधी मी हॉस्पिटलात गेले. वहिनींना मुलगी झाली होती. थोडी आधी आली होती, पण ठणठणीत. त्यांनी तिला माझ्या हातात दिलं, माझ्या गालावरून हात फिरवला, रडल्या. मग दादा पाणी आणायला गेले तसं हळूच म्हणाल्या, "अगं, रागावू नकोस हं. त्या वहीत आमचं नाव कुठे आलं नाही ना? आमच्या घराचा नंबर वगैरे?"

"नाही वहिनी. फक्त बाबांचं आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि मुलीला परत घेतलं.

बाबा खाली उन्हात उभे होते. मी आले तशी त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"छान आहे. बाबा, वहिनींनी विचारलं..."

"विचारणारच," ते म्हणाले. "तिला अजून इथं राहायचं आहे. चल, सामान बांधायचं राहिलं आहे."