आत्याचा गार चहा

आमच्या आत्याइतका गार चहा आख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणी प्यायला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. चहा तिच्यापुढे यायचा तो वाफाळता, आल्याचा, भरपूर साखरेचा, तिला हवा तसाच. पण तो ओठाला लावायला तिला आभाळाची परवानगी लागायची. वर विमान घुमत असायचं, विमानात माणसं असायची आणि त्या माणसांच्या पाठीवर आत्याने स्वतःच्या हाताने बांधलेल्या हवाई छत्र्या असायच्या. त्यातली शेवटची छत्री उघडलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, हा तिचा नेम. विमान पुरेसं वर जाऊन माणसं सोडेपर्यंत चहावर जाड साय धरायची, त्यात एखादं चिलट पडायचं. आत्या ते करंगळीने काढायची आणि सरबत प्यावं तसा चहा पिऊन टाकायची. “वरचं माणूस अजून लटाकलंय आन् मी हितं चा ढोसू व्हय?” असं तिचं म्हणणं. टपरीवाल्याला तिची दया येऊन त्याने एकदा तिला थर्मास आणून दिला, तर तिने त्यात मटकी भिजत घातली.

वरवंडच्या मागे आत माळावर एक धावपट्टी आहे. पाऊस सरला की तिथे पुण्याची हौशी माणसं विमानातून उडी मारायला येतात. साहेब लोक त्या जागेला ड्रॉपझोन म्हणत, आम्ही आपला माळच म्हणायचो. मी तिथे जीपवर होतो. उतरायची जागा चुकवून कुणी उसात पडे, कुणी कांद्यात. त्यांना गोळा करून आणायचं आणि कांदेवाल्याची समजूत घालायची, हे माझं काम. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि घरात बसून करमेना म्हणून माझ्या शेजारी जीपमध्ये बसून माळावर यायला लागली. एके दिवशी वाऱ्याने एक उघडी छत्री फुगली आणि मैदानभर फरफटत निघाली. चार माणसं तिच्यामागे धावत होती. आत्याने पदर खोचला, आडवी गेली आणि छत्रीवर पालथी पडली. छत्री थांबली. तिथले मुख्य उस्ताद म्हणजे एक हरयाणवी निवृत्त फौजी, आम्ही त्यांना सुभेदारसाहेब म्हणायचो. ते धापा टाकत आले आणि म्हणाले, “मौसी, पॅकिंग सीखोगी?” आत्याला एवढंच कळलं की काहीतरी काम देतायत. ती म्हणाली, “व्हय.”

शिकायला मात्र तिला आख्खा हंगाम लागला. सुभेदारसाहेबांचा ओरडा तिने पोटभर खाल्ला, आणि त्यांच्या हिंदीला मराठीत भरपूर उलट उत्तरंही दिली. पण घडी घालणं आणि आवळून बांधणं तिच्या अंगातच होतं. आमच्या घरची मेंढरं माझ्या जन्माआधीच गेली आणि शेती आली, पण आत्याचं बाळपण सगळं मेंढरांमागे वाटेवर गेलेलं. रोज सकाळी पाल मोडायचं, भांडी, कोंबड्या, कोकरं, तान्हं पोर असं सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर बांधायचं आणि चालू लागायचं. “त्यातली येक गाठ सैल ऱ्हायली तर कोंबडी हिकडं आन् पोर तिकडं,” ती सांगायची. सुभेदारसाहेबांना मी हे हिंदीत समजावलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि त्यानंतर स्वतःची छत्री तिच्याशिवाय कुणाला बांधू देईनासे झाले.

छत्री बांधणं हा बघण्यासारखा प्रकार असतो. आधी कापड नीट लांबवायचं, दोऱ्या सारख्या करायच्या, घड्या घालायच्या आणि मग आत राहिलेली हवा काढायला चक्क तिच्यावर आडवं व्हायचं. आत्या आडवी झाली की तिला हमखास डुलकी आल्यासारखं दिसे. एकदा एका पाहुण्या साहेबांनी ते पाहून विचारलं, “या बाई कामाच्या वेळेत झोपल्यात काय?” आत्या डोळे न उघडता म्हणाली, “हवा काढतीया. तुमची पन काढायची हाय का?” साहेब पुढे सरकले. सगळं कापड पिशवीत गेलं की पिशवीचं तोंड ओढून आणायला एक बारीक दोरी ओवावी लागते. ती ओढायची, पिन सरकवायची आणि दोरी आठवणीने काढून घ्यायची. ही दोरी आत राहिली तर पिन अडकण्याची भीती असते, आणि पिन अडकली तर छत्री उघडत नाही. त्यासाठी कंपनीची रंगीत फीत मिळायची. आत्याने ती नाकारली आणि स्वतःच्या परकराची लाल नाडी कापून आणली. छत्री बांधून झाली की नाडी ओढून घ्यायची आणि कमरेला खोचायची. नाडी कमरेला आहे म्हणजे ती वर आभाळात नाही, एवढा साधा तिचा हिशेब होता.

हातात दोऱ्या असताना तिच्याशी बोलायचं नाही, हाही नियमच होता. मध्ये कुणी हाक मारली तर ती बांधलेलं सगळं मोडून पहिल्यापासून सुरू करायची आणि हाक मारणाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. तिचा मुलगा नदीपलीकडे मांडवगण फराट्याला असतो. त्याला मुलगा झाला ती बातमी घेऊन माझे वडील पळत माळावर आले. आत्या गुडघ्यावर बसून दोऱ्या लावत होती. तिने नुसता तळहात वर केला. वडील, मी, सुभेदारसाहेब, पेढ्याचा पुडा, सगळे ताटकळत उभे. तिने दोऱ्या आवळल्या, पिशवी भरली, पिन लावली, नाडी ओढून कमरेला खोचली, आणि मग म्हणाली, “आता बोला. काय झालं?” वडील म्हणाले, “आक्का, नातू झाला तुला.” तेव्हा मात्र तिने तिथेच बसकण मारली आणि ढसाढसा रडली. पेढा तोंडात घातला तो विमान वर जाऊन सगळ्या छत्र्या उघडल्यावरच.

छत्र्यांना तिने मेंढरांची नावं ठेवली होती. पांढरी ती ढवळी, दोन रंगांची ती बांडी, आणि सुभेदारसाहेबांची लाल ती तांबडी. एखादी वाऱ्याने भलतीकडे निघाली की आत्या खालून कळप वळवावा तशी टाळ्याला जीभ लावून हाळी द्यायची, आणि छत्री योगायोगाने वळलीच तर आमच्याकडे बघायची. सगळ्या छत्र्यांवर तिचा जीव, राग फक्त एकीवर. प्रत्येक उडी मारणाऱ्याच्या पाठीवर संकटकाळासाठी दुसरी एक छत्री असते. ती बांधायचा परवाना सुभेदारसाहेबांकडेच होता. आत्या तिला सवत म्हणायची. “माझी असताना हिचं काय काम? इस्वास न्हाई तर सांगा तसं,” असं ती त्यांना दर हंगामात एकदा तरी ऐकवायची. शिवाय उपाशीपोटी कुणी वर जाऊ नये असा तिचा हट्ट. सुभेदारसाहेब लोकांना सांगायचे, हलकं खाऊन या. आत्या त्याच लोकांना शेडमागे नेऊन पिठलं-भाकरी चारायची. हडपसरच्या एका गड्याने तिचा आग्रह मोडला नाही आणि मग वर जाऊन सगळं पिठलं सुभेदारसाहेबांच्या अंगावर परत केलं. आत्याने त्यांचे कपडे स्वतः धुऊन दिले, पण चूक मान्य केली नाही. म्हणाली, “त्यानं चावलंच न्हाई नीट.”

हे सगळं असंच चालत राहील असं मला वाटायचं. मग हिवाळ्यातली ती सकाळ आली. वारा होता, पण उडी मारण्याजोगा. एका जोडप्यातली मुलगी सुभेदारसाहेबांच्या अंगाला बांधून घेऊन उडी मारणार होती. तिचा नवरा माझ्या जीपजवळ उभा राहून नखं खात होता. विमान उडालं. आत्यापुढे चहा आला. तिने सवयीने कमरेला हात लावला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. नाडी नव्हती.

तिने चटई उलटली, शेडमधल्या पिशव्या उलट्यापालट्या केल्या, पदर झटकला, आणि मग धावत जीपकडे आली. माझ्या हातात वॉकीटॉकी होता. “इमान खाली आन,” ती म्हणाली. “माझी नाडी वर गेली. तांबडीत ऱ्हायली.” मी म्हणालो, “आत्या, दुसरी छत्री हाय की त्यांच्याकडं.” ती इतक्या जोरात ओरडली की मुलीचा नवरा दचकला. “सवतीच्या भरवशावर मी कुनाची लेक सोडू व्हय? आन म्हनते ना खाली!” मी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. वर गेलेलं विमान माणसांसकट खाली उतरणं ही तिथे फार नामुष्कीची गोष्ट असते. पण सुभेदारसाहेबांनी एक प्रश्नही विचारला नाही. “मौसी ने कहा है तो उतरेंगे,” एवढंच वॉकीटॉकीवर ऐकू आलं.

विमान उतरलं. सगळ्या पिशव्या तपासल्या. तांबडीची पिन स्वच्छ, बांडीची स्वच्छ, ढवळीची स्वच्छ. नाडी कुठेच नाही. आत्या एकेका पिशवीपुढे वाकून बघत होती, आणि तिच्या मागे उभे असलेले सुभेदारसाहेब एकदम म्हणाले, “मौसी, ये क्या है?” आत्याच्या अंबाड्याला लाल नाडी बांधलेली होती. सकाळी वाऱ्याने केस सुटत होते, तेव्हा तिनेच कधीतरी कमरेची नाडी काढून केसांना गुंडाळली असणार. मग जे हसू सुटलं ते विचारू नका. पायलट तर खाली बसून हसला. ती मुलगी विमानातून खाली उतरल्यावर रडत होती, तीही हसायला लागली. जीव भांड्यात पडला की माणूस असाच हसतो. आत्याने हात मागे नेऊन नाडी सोडली. तिचे पांढरे केस खांद्यावर मोकळे झाले. तीही थोडंसं हसली. मग तिने नाडीची नीट घडी घातली आणि ती सुभेदारसाहेबांच्या हातात ठेवली. तोवर वारा वाढला आणि त्या दिवसाच्या उड्या रद्द झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी जीप सुरू करून हॉर्न वाजवत राहिलो. आत्या बाहेर आली ती हातात कपड्यांचं बोचकं घेऊन. मला मांडवगणला सोड म्हणाली. मला वाटलं, लोक हसले म्हणून रुसली. मी वाटेत तिची समजूत काढायला लागलो, तर ती म्हणाली, “हसूद्या की. हसण्याचं काय हाय त्यात? अरं, नाडी हरवली असती तर मला काय वाटलं नसतं. वस्तू हाय, हरवती. पन ती मी डोक्याला कवा बांधली, तेच मला आठवंना. अजून आठवंना. केस बांधणारं हात माझंच हुतं ना? मग पिन लावताना तरी मी तितं हुते का नव्हते, कुनाला ठावं?” मी म्हणालो, “पन आत्या, सगळ्या पिना बराबर हुत्या.” ती म्हणाली, “काल हुत्या.” पुढे पूल आला. नदीकडे बघत ती म्हणाली, “येकदा शंका आली की वर मानूस पाठवायचं न्हाई, बाबा.”

सुभेदारसाहेब तिला न्यायला दोनदा मांडवगणला गेले. तुझ्या शेजारी दुसरं माणूस बसवतो, ते तुझं काम तपासेल, असंही म्हणाले. आत्याने त्यांना जेवायला वाढलं, नातवाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि विषय बदलला. आता तिच्या जागी चांगली शिकलेली, चपळ माणसं आली आहेत. छत्र्या उघडतात, लोक सुखरूप उतरतात, कुणाचं काही अडलेलं नाही. शेडमध्ये एका खिळ्याला ती लाल नाडी टांगलेली असते आणि तिला कुणी हात लावत नाही. तिने इतका कठोर न्याय स्वतःला लावायला नको होता, असं मला फार वाटतं. आणि त्या मुलीचा नवरा डोळ्यांपुढे आला की तिचंच बरोबर होतं, असंही वाटतं. दोन्ही बाजूंनी वाईट मलाच वाटतं, एवढं खरं.

मीही पुढे जीप सोडली आणि रांजणगावला कंपनीत लागलो. परवा आठवड्याची सुट्टी नेमकी रविवारी आली म्हणून मोटरसायकल काढून आत्याकडे गेलो. ओट्यावर बसलो होतो. सूनबाईंनी दोन कप चहा आणून ठेवला. तेवढ्यात नदीपलीकडून विमानाची घरघर ऐकू आली. आत्याने ओठापर्यंत नेलेला कप खाली ठेवला.

मी म्हणालो, “आत्या, त्यात आता तुझी येक पन छत्री न्हाई. पी की गरम गरम.”

“व्हय की, खरंच,” ती म्हणाली. कप उचलून तिने मोठा घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं. मी हसलो, तीही हसली आणि पदराने डोळे पुसले.

“गरम चाची सवयच ऱ्हायली न्हाई बग,” असं म्हणून तिने कप पुन्हा खाली ठेवला आणि नदीकडे तोंड करून बसली. वर विमानाचा आवाज बारीक झाला. म्हणजे माणसं सोडली होती. इतक्या लांबून काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऊन होतं. तरी ती कपाळावर हात धरून बघत राहिली. तिच्या चहावर साय धरायला लागली होती. मग मीही माझा कप खाली ठेवला.