दुसरी मंजिरी

माझी धाकटी बहीण कौमुदी. कुमुद हे तळ्यातले पांढरे फूल; ते रात्री उमलते आणि त्याला उमलवणारे चांदणे ती कौमुदी. रेल्वेत कारकुनी करणाऱ्या आमच्या वडिलांना, शामरावांना, संस्कृताचा नाद होता. ज्या काळी रायपूरच्या कोणत्याही पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, 'पिंकी' अशी हाक मारली की तीन दारे उघडत, त्या काळी त्यांनी हे नाव निवडले. साऱ्या शाळेत ती एकटीच कौमुदी होती आणि तिला त्याचा ताठा होता.

छत्तीसगड राज्य झाले त्याच्या पुढल्या वर्षी तिचे लग्न ठरले. चौबे कॉलोनीतले निरंजन बिजवर होते, मंत्रालयात नोकरीला. पहिली पत्नी मंजिरी वारलेली. पाच वर्षांची मुलगी पिंकी. लग्नात नवऱ्याने अंगठीने ताटातल्या तांदळांत वधूचे नवे नाव लिहिण्याची आपली रीत. निरंजनांनी लिहिले : मंजिरी.

मी हरकत घेतली. त्यांची आई विमलाबाई म्हणाल्या, "काहून चिडता, अच्युतराव? घरात मंजिरी म्हणून हाक आयकू आली, का पोट्टीले आई हायच वाटन."

वडिलांनी पेढ्यांचे ताट उचलले. पेढे वाटले गेले.

पिंकी कौमुदीशी बोलत नसे. तिने वाढलेले ताट सरकवून देई. कौमुदीला वाटे, मूल आहे, विसरेल. पुढे विमलाबाई गेल्या, बिऱ्हाड नवा रायपूरला, राज्याच्या नव्या राजधानीत, हलले. रुंद रस्ते, क्वचित एखादी बस, आणि पहिल्या मंजिरीला ओळखणारे शेजारी कोणीच नाही. कौमुदीने नवऱ्याला विनवले, "इथं तरी मला माझ्या नावानं हाक मारा."

"आता या वयात लोकांले काय सांगत बसू?" निरंजन हसले.

त्या राजधानीचे नावही पुढे समारंभपूर्वक बदलले. त्या राजधानीलाही कोणी विचारले नव्हते. त्याच साली कावीळ होऊन कौमुदी गेली.

दुसऱ्या वर्षी पितृपक्षात, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचे श्राद्ध असते त्या अविधवा नवमीला, मी तिथे होतो. गुरुजींनी पत्नीचे नाव विचारले.

"मंजिरी."

"ते झालं. दुसरीचं?"

"मंजिरी."

"दोन पिंड अन् नाव एकच? अजब आहे, निरंजनराव!"

"कौमुदी," मी म्हणालो.

"त्या नावाची बाई आमच्या घरात नव्हती," निरंजन म्हणाले. " पेढे तुमच्या वडिलांनीच वाटले होते, अच्युतराव. आणि हे सगळं पिंकीसाठी केलं होतं."

पिंकी नैवेद्याचे ताट घेऊन दारात उभी होती. तेवीस वर्षांची. मराठी तिला सगळी कळते. उत्तर हिंदीत देते.

"मेरे लिए, पापा? दादी जब भी मंजिरी बुलाती थी, मैं दरवाज़े की तरफ़ देखती थी कि मम्मी आ गई. हर बार ये आती थीं. इसीलिए मैं इनसे कभी बोली नहीं." मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "मामा, क्या नाम था इनका?"

मी पुन्हा सांगितले. तिने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले.

गुरुजी हातात पिंड घेऊन थांबले होते. निरंजनांनी मान वर केली नाही.

"मंजिरीच म्हणा, गुरुजी. उशीर होऊन राहिला."

गुरुजींनी तेच म्हटले आणि पिंड ठेवला.