टाकीच्या झाकणावर बसलेल्या सिस्टर

वीज न वापरता, केवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांवर विसंबून वसाहतीचे सांडपाणी स्वच्छ करता येते का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला नागपुरातल्या माझ्या शेजारीणबाई आठवतात. त्या निवृत्त परिचारिका होत्या. आम्ही सारे त्यांना सिस्टरच म्हणत असू.

सकाळी त्या वसाहतीच्या बागेतल्या, जमिनीखालच्या टाकीच्या वायुनळीपाशी वाकत. नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असे. बुडबुडे दिसले, की "पेशंट ठीक आहे," एवढे म्हणून त्या चहाला जात.

वाचकांनी टाकीची रचना समजून घ्यावी. घरांतले सांडपाणी एकामागून एक कप्प्यांतून सावकाश पुढे सरकते. तळच्या गाळात, हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव घाण पचवतात आणि त्यातून वायू सुटतो. उरलेले पाणी कर्दळीच्या वाफ्यात जाते. मोटर कुठेच नाही. सिस्टर हेच थोडक्यात सांगत, "ते पोट आहे जी. त्याले जहर द्यायचं नाही, बस."

एका दिवाळीनंतर बुडबुडे थांबले. गल्लीत कुजका वास पसरला. आमच्या वसाहतीचे अध्यक्ष लकडगंजातले लाकडाचे व्यापारी. रविवारी त्यांच्या मुलीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, वसाहतीच्या अंगणात व्हायचे होते. त्यांनी मैला उपसणारी गाडी बोलावली. टाकी रिकामी करून पुढे हवा फुंकणारे विजेचे यंत्र बसवायचे, असा त्यांचा बेत होता. गाळ गेला, की त्यातले जीवही जाणार आणि सिस्टरांनी जपलेली टाकी कायमची संपणार होती.

गाडी फाटकाशी आली, तेव्हा सिस्टर झाकणावर प्लास्टिकची खुर्ची मांडून मेथी निवडत बसल्या होत्या.

"सिस्टर, उठा ना जी," अध्यक्ष म्हणाले. "पाहुणे काय नाकाले रुमाल लावून बसतील?"

"पोट बिघडलं त्याचं. अन् तुम्ही आतडीच काढून राहिले."

"वाचते म्हणून पक्कं सांगता?"

"नाही सांगत. मले नाही माहीत."

चालकाने गाडीवरून नळी ओढायला सुरुवात केली. अध्यक्षांचा आवाज चढला. "मंग जहर कोणी टाकलं ते तरी सांगा. साऱ्यांसमोर विचारतो त्याले."

आम्ही सारे खाली पाहू लागलो. दिवाळीची साफसफाई ॲसिडशिवाय झाली असे आमच्याकडे कोणाला वाटतच नाही. सिस्टर मात्र दरवर्षी दसऱ्यालाच दारोदार फिरून आम्हाला बजावत, की ॲसिड मोरीत टाकू नका.

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "माझंच नाव घ्या पहिलं. जावई येणार होते. मोरी पिवळी दिसत होती. एका बाटलीनं काय होते, म्हटलं."

अध्यक्षांच्या पत्नी पायरीवरूनच म्हणाल्या, "आपल्याकडं तर तीन लागल्या. तुम्हीच आणल्या होत्या."

अध्यक्ष गाडीकडे वळले. मग चालकाला म्हणाले, "जा गा तू."

साक्षगंध मंगल कार्यालयात हलवले. रामटेककडच्या भाच्याच्या गोबरगॅसमधली, तसल्याच जीवांनी भरलेली मळी सिस्टरांनी पिंपांत भरून आणवली आणि थोडी थोडी टाकीत सोडली. आंबटपणा उतरावा म्हणून बेताने चुन्याची निवळीही दिली. साबण टाकीत जाऊ नये म्हणून कपडे धुतलेले पाणी आम्ही झाडांना घालू लागलो. तरीही वास हटेना. पुढच्या बैठकीत यंत्राचा विषय पुन्हा निघणार होता. सिस्टर सकाळी बाटलीपाशी वाकत आणि न बोलता परत जात. चहाचे तर त्या नावच काढेनात.

मग एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "सर, इकडं या. खरंच आहे का मले भास होऊन राहिला?"

बाटलीत एक बुडबुडा वर चढला. आम्ही थांबून राहिलो. दुसरा आला.

"आयसीयूतून वॉर्डात आला," सिस्टर म्हणाल्या आणि तिथेच गवतावर बसल्या.

सिस्टर आता नाहीत. त्या गेल्या त्या वर्षी दसऱ्याला माझ्या दारात अध्यक्ष उभे होते. चप्पल न काढता, अवघडून म्हणाले, "सर, ॲसिड नका टाकू बरं. कोणीतरी सांगाले पाहिजे म्हणून आलो."

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला होकारार्थी वाटते. पण अनुभव एकाच टाकीचा आहे. तुमच्या वसाहतीत अशी टाकी असल्यास दिवाळीच्या साफसफाईच्या आधी आणि नंतर तिच्यातून बाहेर पडणारे पाणी काचेच्या बाटलीत घ्या, उजेडात धरून किती गढूळ आहे ते बघा आणि माझे म्हणणे स्वतः तपासून पाहा.